बरं झाल्यावरही ‘ते’ वाक्य मनात येतं तेव्हा

सांजतारा (धागाकर्ती)

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे पावणेआठ. एका शेगडीवर पोहे, दुसरीवर दूध, लेकीची रिक्षा यायला दहा मिनिटं. मी डब्याचं झाकण शोधत होते तेवढ्यात दूध उतू गेलं. ओट्यावरून ट्रॉलीच्या फटीत, तिथून फरशीवर. आणि मनात एक वाक्य आलं. अगदी शांतपणे, बाजूला उभं राहून कुणी सांगावं तसं. ‘आता पुरे झालं, संपवून टाकूया.’

सांडलं होतं पाव लिटर दूध! मी फडकं घेतलं, ओटा पुसला, बर्नर काढून पाण्यात टाकला. करपलेल्या दुधाचा वास घरभर. लेक म्हणाली, ‘आई, झाकण फ्रीजवर आहे.’ तिला रिक्षात बसवलं, साडेनऊला बँकेत पोचले, दिवसभर काउंटर सांभाळला. संध्याकाळी भिशी होती, तिथे जायची मला मनापासून हौस होती. म्हणजे त्या दिवशी मला मरायचं अजिबात नव्हतं. तरीही ते वाक्य आलं.

थोडं मागचं सांगते. २०१६ ते २०१८ मला तीव्र नैराश्य होतं. त्यातले कित्येक महिने मरणाचा विचार रोज सोबतीला असायचा. त्याचे तपशील इथे लिहिणार नाही, आणि प्रतिसादातही कुणी लिहू नयेत ही कळकळीची विनंती. वाचणाऱ्यांत आत्ता त्यातून जाणारं कुणी असू शकतं. गोळ्या, दर आठवड्याचं समुपदेशन, नवरा आणि धाकटी बहीण यांच्या जोरावर मी बाहेर आले. २०१९ मध्ये डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. तेव्हापासून मी बरी आहे. खरोखर बरी. जेवणाला चव आहे, झोप लागते, हसू येतं.

पण आजार गेला तरी त्याने विचारांना लावलेली वळणं राहिली आहेत, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. डॉक्टरांच्या फाईलवर ‘सुधारणा’ लिहिलं की विषय संपतो.

एक वळण हे वाक्याचं. दुसरं मला मार्चमध्ये कळलं. मी काउंटरवर समोरच्याला दिवसातून दहा वेळा सांगते, ‘काकू, पाच वर्षांची आरडी करा, पैसे गेल्याचं कळणारही नाही.’ टॅक्ससाठी स्वतःचे कागद काढले तर माझी एकही ठेव एक वर्षाच्या वर नाही. एकही नाही! मी हे कधी ठरवलं नव्हतं. पाच वर्षांनंतर मी असेन, हे मनाने धरलेलंच नव्हतं. त्या दोन वर्षांत उद्याच्या पलीकडचं बघायचं बंद झालं ते बंदच राहिलं. लेकीच्या दहावीचा विचार करते, पण त्या चित्रात ती असते, तिचे बाबा असतात, मी नसते. दुःख होत नाही त्याचं. फक्त माझी जागा रिकामी असते.

तिसरं म्हणजे साध्या उदासीची भीती. पावसाची झड लागली, दोन दिवस करमलं नाही, की मी नाडी धरून बसते. काल किती तास झोपले? सकाळी भूक लागली होती का? बहिणीचा फोन घ्यायचा कंटाळा आला, म्हणजे पुन्हा सुरू झालं का? इतरांना वाईट वाटतं तेव्हा नुसतं वाईट वाटतं. मला आधी वाईट वाटतं आणि मग वाईट वाटल्याची धास्ती वाटते.

जे यातून गेलेत आणि बरे आहेत, त्यांनी लिहावं. तुमचं कसं आहे? आणि जाणकारांनी सांगावं, हे नेमकं का होतं?

(ज्यांना आत्ता, या क्षणी असह्य होत असेल त्यांनी धागा वाचत बसू नका. १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.)

---

ओंजळ

ताई, तुमचं दूध, माझी चावी. ऑफिसच्या ड्रॉवरची चावी सापडेना तेव्हा माझ्या डोक्यात हेच आलं होतं. चार वर्षं झाली बरी होऊन. मला वाटायचं, असं फक्त माझंच होतं आणि कुणाला सांगितलं तर ‘अजून बरी नाही’ म्हणून परत औषधं सुरू करतील.

बाकी नंतर लिहीन. आत्ता डोळे भरून आलेत.

---

मुक्काम_पोस्ट

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी. वय ५४, लातूरकडचा. माझं आजारपण २०११ चं.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट भाषेची आहे. आपल्याकडे मरण तोंडी लावायला असतं. जिने चढले की ‘मेलो रे बाबा’. ऊन तापलं की ‘जीव चाललाय’. पोरानं पसारा केला की त्याची आई म्हणणार, ‘जीव नकोसा केलाय या पोरानं.’ सगळे म्हणतात, कुणाच्या मनात काही नसतं. आजारपणानंतर माझ्या तोंडून हे शब्द निघत नाहीत. कुणी म्हणालं की पोटात गोळा येतो. ऑफिसात एकजण सहज म्हणाला, ‘साहेब, या ऑडिटपेक्षा मेलेलं बरं,’ आणि मी दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून होतो. शब्द तेच, माझ्यासाठी त्यांचं वजन बदललं.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं तीन दिवस चाललंय. लिहितो. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात एक निळी फाईल आहे. विम्याचे कागद, बँकेचे नंबर, घराचा उतारा, कुणाचे किती देणे. आजारपणात केली होती, ‘मागच्यांना त्रास नको’ म्हणून. बरा झालो तरी दर जानेवारीत ती नव्याने लावतो. बायको कौतुक करते, किती टापटीप माणूस. आणि खरं सांगायचं तर फाईल नीट लागली की मला हायसं वाटतं. बाकी काही जमलं नाही तरी एक दार उघडं आहे, असं. तो विचार मला त्रास देत नाही, उलट धीर देतो. हे चांगलं की वाईट ते मला कळत नाही. तो पूर्ण गेला तर चुकल्यासारखं वाटेल अशीही भीती आहे. जाणकारांनी रागावू नये.

---

रानवारा

सर्वांना नम्रपणे सांगावंसं वाटतं की मागचं उगाळत बसू नये. मन रिकामं ठेवलं की असले विचार शिरतात. पहाटे उठा, प्राणायाम करा, सकारात्मक वाचा, कामात गुंतवून घ्या. वाईट विचार आला की लगेच झटकून टाकायचा. माझ्या मेहुण्याला याचा खूप फायदा झाला. आणि असे धागे काढून तोच विषय सारखा चघळल्याने त्रास वाढतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

सांजतारा

रानवारा, तुम्ही काळजीपोटी लिहिलंय ते पोचलं. पण दूध उतू गेलं तेव्हा माझं मन रिकामं नव्हतं. दोन शेगड्या, एक डबा आणि घड्याळ, एवढं त्यात होतं. आणि झटकायचे प्रयत्न मी दोन वर्षं केले. झटकलं की तो दुप्पट जोराने यायचा, वर ‘तुला साधा विचारही झटकता येत नाही’ हे ओझं वेगळं.

विषय चघळल्याने त्रास वाढतो, हे मी आजारपणात फार जणांकडून ऐकलं. त्यामुळे मी गप्प राहिले आणि गप्प राहून जास्त आजारी पडले. म्हणून हा धागा राहू दे.

मुक्काम_पोस्ट, तुमच्यावर कोण रागावेल? लिहिलंत हे फार मोठं केलंत. निळ्या फाईलचं मी दोनदा वाचलं.

---

नंदादीप

मी पुण्यात समुपदेशक आहे, सोळा वर्षं हेच काम. धाग्यावरून कुणाचं निदान करता येत नाही आणि मी करणार नाही. पण ‘हे का होतं’ याचं उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे, ते सांगते. लांबलचक होईल.

१९८८ मध्ये जॉन टीसडेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक मांडणी केली. नैराश्याच्या काळात उदास मन आणि काही ठराविक विचार इतके दिवस एकत्र राहतात की त्यांची गाठ पक्की बसते. आजार गेल्यावर गाठ दिसत नाही, कारण मन उदास नसतं. पण थकवा, अपमान, साधी हुरहूर यातलं काहीही आलं आणि मन थोडं जरी खाली गेलं, की त्याच्यासोबत जुने विचार ओढले जातात. कधी नैराश्य न आलेला माणूस त्याच थकव्यात ‘दमलो’ एवढंच म्हणतो. ज्याच्या आजारात मरणाचे विचार होते, त्याच्या मनात थकव्याला जोडलेला तोच विचार वर येतो. त्यामुळे सांजतारा, ते वाक्य दुधाबद्दल नव्हतं. त्या सकाळी तुम्ही किती ताणात होतात, हे सांगणारं होतं. पावसाळी हवेत जुनं मोडलेलं हाड ठणकतं, तसंच हे. हाड जुळलेलं असतं, तरी ठणकतं.

याच्यावर पुढे काम केलेल्यांत मार्क विल्यम्स हे नाव महत्त्वाचं. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा २००५ चा एक प्रयोग तुमच्या प्रश्नाला नेमका भिडतो. त्यांनी तीन गट घेतले. पूर्वी नैराश्य आणि सोबत आत्महत्येचे विचार असलेले, पूर्वी नैराश्य पण असे विचार नसलेले, आणि कधीच नैराश्य न आलेले. आधीच्या दोन्ही गटांतले लोक तेव्हा बरे होते. सगळ्यांना रोजच्या अडचणींचे प्रसंग दिले. सुरुवात दिली, शेवट दिला, मधली वाट त्यांनी सुचवायची. मग उदास संगीत आणि उदास वाक्यांनी मन थोडा वेळ खाली नेलं आणि पुन्हा तसेच प्रसंग दिले. मन तिघांचंही खाली गेलं. पण अडचणीतून वाट काढायची क्षमता घसरली ती फक्त पहिल्या गटाची.

हे वाचलं तेव्हा मला कित्येक रुग्णांचे चेहरे आठवले. ‘मॅडम, दुसरं काही सुचतच नाही’ असं ते म्हणतात तेव्हा ते नाटक नसतं, दुबळेपणाही नसतो. त्या पंधरा-वीस मिनिटांत खरोखर सुचत नाही. मन वर आलं की पुन्हा सुचतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: मन खाली असताना, विशेषतः रात्री, कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. राजीनामा नाही, भांडण नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मोठा मेसेजही नाही.

सांजतारा, त्या रिकाम्या जागेबद्दल. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एक नेमकी आठवण सांगायला सांगितली. त्यांच्या आठवणी इतरांपेक्षा मोघम निघाल्या. समजा शब्द ‘आनंद’ असेल, तर उत्तर यायचं ‘मामाकडे जायचो तेव्हा’ अशा धाटणीचं. ‘सातवीच्या मे महिन्यात मामाने विहिरीत ढकललं आणि मी पोहलो’ असं एका दिवसाचं, एका प्रसंगाचं उत्तर कमी येई. नंतरच्या कामांतून असंही दिसलं की ज्यांची आठवण मोघम, त्यांना भविष्यही मोघम दिसतं. मन भविष्याचं चित्र आठवणींच्याच सामानातून जुळवतं. सामान धूसर तर चित्र धूसर. लेकीच्या दहावीच्या चित्रात तुम्ही नाही, यात अशुभ काही नाही. चित्र काढायची सवय मोडली आहे, एवढंच. ती परत लावता येते. रोज रात्री आजच्या दिवसातली एकच गोष्ट तपशिलात लिहा. कुठे, कधी, कोण होतं, वास कसला होता. दूध उतू गेल्याचं तुम्ही किती बारकाईने लिहिलंत बघा, म्हणजे ते सामान तुमच्याकडे आहे. मग तसंच पुढच्या शनिवारचं लिहा. मग पुढच्या दिवाळीचं.

झटकण्याबद्दल: १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आला तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. आणि नंतर ‘आता खुशाल करा’ म्हटल्यावर त्यांच्या मनात अस्वल, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं. रानवारा, व्यायाम आणि नियमित दिनक्रम याबद्दल तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. झटकण्याबद्दल नाही. आणि बोलणं म्हणजे चघळणं नव्हे. नैराश्यात मन जे करतं त्याला मराठीत चपखल शब्द आहे, रवंथ. तोच घास वर काढायचा, चावायचा, परत गिळायचा. रवंथ एकट्याने होते. दुसऱ्याला सांगताना मात्र वाक्य पूर्ण करावं लागतं, आणि समोरून प्रश्न येतो.

मुक्काम_पोस्ट, तुमच्यासाठी वेगळं लिहिते, जरा वेळ द्या.

---

कर्दळ

मी रुग्ण नाही, आई आहे. मुलगा २४ वर्षांचा. बारावीनंतरच्या वर्षी त्याला फार त्रास झाला. आता इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलाय, मित्र आहेत, क्रिकेट खेळतो. बरा आहे.

बरी नाही ती मीच. तो खोलीचं दार लावून फोनवर बोलत असला तरी मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसते. घड्या संपल्या की मोडून परत घालते. परवा त्याने दार उघडलं आणि म्हणाला, ‘आई, तोच टॉवेल आहे ना हा?’ मला काही बोलता आलं नाही. त्याने टॉवेल हातातून घेतला आणि कपाटात ठेवला.

या धाग्यात वाचलं की बरं झाल्यावरही विचार येऊ शकतो. मग तर माझी झोपच उडाली. त्याला विचारू का? विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल का? आणि येतात म्हणाला तर मी काय करायचं?

---

नंदादीप

कर्दळताई, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. याचा बराच अभ्यास झालाय आणि उत्तर स्पष्ट आहे. उलट नीट विचारलं तर माणसाचा भार हलका होतो. पण आडून नको. ‘काही वेडंवाकडं तर मनात येत नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर हवं असतं, आणि मुलं तेच देतात. सरळ विचारा, जेवण झाल्यावर, चालताना. ‘त्या वर्षी तुला मरावंसं वाटायचं. आता कधी तसं येतं का?’ आणि हो म्हणाला तर लगेच रडू नका, लगेच उपायही सांगू नका. ‘येतं तेव्हा कसं येतं?’ हे विचारा आणि ऐका.

कशाने घाबरायचं आणि कशाने नाही, हे मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. विचार आला, आपण दचकलो, तो गेला, पुढचं काम सुरू झालं, हा जुन्या सवयीचा भाग असू शकतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. विचार रेंगाळू लागला, रोज येऊ लागला, त्यात तपशील भरू लागले, झोप उडाली, माणसं नकोशी झाली, आपण इतरांना ओझं आहोत असं वाटू लागलं, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर एकटं राहायचं नाही.

आता मुक्काम_पोस्ट. तुम्ही जे लिहिलंत ते अनेकांचं असतं, सांगतात फार थोडे. दार उघडं आहे या विचाराने हायसं वाटतं, हे खरं आहे. पण त्यातच मेख आहे. तो हायसेपणा हा मनाला मिळालेला मोबदला. जिकडे मोबदला मिळतो तिकडे मन पुन्हा जातं, आणि दर वेळी बाकीच्या वाटा थोड्या बुजतात. ज्या दिवशी मोठं संकट येईल त्या दिवशी मनाला तीच एक वाट ओळखीची वाटेल, ही माझी काळजी आहे. फाईल फेकू नका, कागद कामाचे आहेत. पण या जानेवारीत ती एकट्याने लावू नका. बायकोसोबत बसून लावा. आणि दोन पानं जास्त घाला, पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला काय करायचंय त्याची. शिवाय एकदा डॉक्टरांना भेटा. २०११ नंतर गेला नसाल तर नक्की.

---

अबोली२२

दोन प्रश्न. बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या गेल्या आठवड्यात स्वतःच बंद केल्या. चक्कर येते आणि अंगात मधूनच शॉक बसल्यासारखं होतं. आजार परत आला का? दुसरं, असे विचार येतात हे डॉक्टरांना सांगितलं तर पोलिसात जातं असं मैत्रीण म्हणते.

---

ओंजळ

पहिल्याचं मी अनुभवाने सांगते. अचानक गोळ्या तोडल्या की असं होतं, मलाही झालं होतं. आजच डॉक्टरांना फोन कर. माझे डॉक्टर म्हणाले होते, बरं वाटू लागल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या, आणि बंद करताना पायरी-पायरीने. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना ते पुन्हा गाठतं, म्हणून घाई करायची नसते.

दुसऱ्याचं: नाही गं. विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न केलेल्यांसाठी सुद्धा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ मध्ये आहे की उलट सिद्ध होत नाही तोवर ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखं, आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षेचं कलम नाही. डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन असतं. तुझ्या जिवाला तातडीचा धोका दिसला तर ते घरच्यांना सांगतील, आणि ते योग्यच आहे.

सांजताराताई, माझं राहिलेलं लिहिते. मला विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा खूप उपयोग झाला. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. आपल्याकडे ठाण्याच्या आयपीएचने, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने, ती मराठीत पुष्कळ पोचवली आहे. त्यात शिकले की ‘मला हे सहन होणार नाही’ हे वाक्य पकडायचं. चावी हरवणं गैरसोयीचं आहे, पण असह्य नाही. आजारपणात सगळंच खरोखर असह्य होतं, म्हणून मनाला एकच माप माहीत झालं. बरं झाल्यावर मापं परत शिकावी लागतात. मी ते शब्द मोठ्याने म्हणायचे. ‘वाईट आहे, असह्य नाही.’ लिफ्टमध्येसुद्धा.

---

आडवाट

रात्रीचे १:२० झालेत. सगळा धागा वाचला. तुम्ही सगळे बरे झालेले. मीपण झालो होतो दोन वर्षांपूर्वी. गेले दहा-बारा दिवस परत तेच. झोप नाही. आज जास्तच.

---

सांजतारा

आडवाट, मी जागी आहे. तुझं लिहिलेलं वाचलं. घरात आत्ता कोण आहे? त्यांना उठव. काय सांगायचं ते सुचत नसेल तर एवढंच म्हण, ‘मला एकट्याने राहायचं नाहीये.’ बाकी काही समजावून सांगायची गरज नाही. त्या खोलीतून बाहेर ये, दिवा लाव.

आणि १४४१६ लाव. आत्ता. लागेपर्यंत लाव. अगदी हाताबाहेर वाटलं तर ११२.

मी स्क्रीन बंद करत नाहीये.

---

नंदादीप

आडवाट, मीही आले. आज रात्री काहीच ठरवायचं नाही, फक्त सकाळ गाठायची. दोन वर्षांपूर्वी ज्या डॉक्टरांनी बरं केलं त्यांच्याकडे सकाळी पहिल्या नंबराने जायचं, सोबत घेऊन. परत आलं म्हणजे आधीचं बरं होणं खोटं होतं असं नाही. या वेळी तू बाराव्या दिवशी बोललास. मागच्या वेळी किती महिने लागले होते?

---

आडवाट

पाच महिने.

दादाला उठवलंय. तो चहा टाकतोय. फोन लावतो.

---

सांजतारा

लाव. सकाळी इथे नुसता एक टिंब टाकलास तरी चालेल.

---

आडवाट

.

(दवाखान्याबाहेर बसलोय. दादा सोबत आहे. नंबर सातवा.)

---

कर्दळ

रात्रीचं सकाळी वाचलं आणि हात कापत होते. आडवाट, बाळा, दादाला माझा नमस्कार सांग.

तुझ्यामुळे मी काल संध्याकाळी मुलाला विचारलं. सरळ, नंदादीप यांनी सांगितलं तसं, देवळापर्यंत चालत जाताना. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘येतं कधी कधी. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आलं होतं. मी मोबाईलवर एक यादी केलीय, त्यात बघतो.’ मी म्हटलं, ‘यादीत मी आहे का?’ म्हणाला, ‘तिसऱ्या नंबरावर.’ पहिला त्याचा मित्र, दुसरी काउन्सेलर. मी तिसरी. मला तिसरी चालते.

ही यादी काय असते?

---

नंदादीप

तिला सुरक्षा आराखडा म्हणतात. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तयार केला, आता जगभर वापरतात. मन ठिकाणावर असताना कागदावर लिहून ठेवायचा, कारण खाली गेल्यावर सुचत नाही, हे वर आलंच आहे. पहिल्या ओळीत आपली धोक्याची खूण. प्रत्येकाची वेगळी असते, कुणी आंघोळ टाळतो, कुणी फोन उचलत नाही. दुसऱ्या ओळीत एकट्याला करता येईल असं काही. तिसरीत जिथे माणसं असतात अशी जागा. चौथीत ज्याला ‘मला मदत हवी’ असं म्हणता येईल त्या माणसाचं नाव आणि नंबर. पाचवीत डॉक्टर, हेल्पलाइन. सहावीत घर सुरक्षित कसं करायचं ते, आणि ते घरच्यांसोबत बसून.

आडवाटसारखा अनुभव एकदा येऊन गेलेल्या प्रत्येकाने तो करावा. आज बरे असाल तर आजच करा. पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांसाठी आठ आठवड्यांचं माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याच्या सरावावर, आधारलेलं एक प्रशिक्षणही आहे, सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी बांधलेलं. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की पूर्वी असे विचार येऊन गेलेल्यांमध्ये, उदासी आणि मरणाचा विचार यांची जोडी त्याने सैल होते. उदासी येते, पण दर वेळी तिचं शेपूट धरून दुसरं येत नाही. पण हे बरं असतानाचं काम. तीव्र त्रास चालू असताना आधी डॉक्टर.

---

सांजतारा

मी काल कागद केला. पहिल्या ओळीला अडले. माझी खूण काय? मग लक्षात आलं, मी गाणं लावायचं बंद करते. सकाळी स्वयंपाकघरात रेडिओ असतो, तो आठवडाभर लागत नाही. त्या दुधाच्या दिवशीही नव्हता. मार्चअखेरचा हिशेब, सासूबाईंचं ऑपरेशन आणि लेकीची परीक्षा, तीन आठवडे मी एकटी ओढत होते. वाक्य खोटं नव्हतं म्हणजे. ‘आता पुरे झालं’ एवढा अर्धा भाग बरोबर होता. पुढचा अर्धा जुना. आता आलं की मी पहिला अर्धा ऐकते आणि नवऱ्याला म्हणते, ‘आज मला पुरे झालंय, भांडी तू घास.’

आणि पाच वर्षांची आरडी उघडली. शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीने फॉर्म घेतला. मुदतपूर्तीची तारीख लिहिताना लेकीचं वय मोजलं, एकोणीस. मग माझं मोजलं, सेहेचाळीस. सेहेचाळिसाव्या वर्षी मी कशी दिसेन असा विचार आला. बहुतेक चष्मा असेल.

---

मुक्काम_पोस्ट

नंदादीपताई, कागद मीही घेतला. तीन ओळी झाल्या. चौथीपाशी दोन दिवस थांबलो होतो. बायकोला हे कधीच सांगितलं नव्हतं. तिला ते आजारपण म्हणजे ‘बीपी आणि झोपेचा त्रास’ एवढंच ठाऊक.

काल रात्री तिला हा धागा वाचून दाखवला. म्हटलं, नेटवर लोक किती छान लिहितात बघ. निळ्या फाईलपर्यंत आलो तर तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘थांबा. हे तुम्हीच ना?’

चौथ्या ओळीत तिचं नाव लिहिलंय. नंबर मला पाठ आहे, तरी लिहिला.